वळणावर मिळणारी वीज

11 फेब्रुवारी 2023. हैदराबादच्या हुसेन सागराकाठी, एरवी बस आणि रिक्षांनी गजबजलेल्या रस्त्यांवर फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. सुमारे 2.8 किलोमीटरचा मार्ग आणि त्यात 18 वळणं. 2013 नंतर मोटारींची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत भारतात प्रथमच होत होती, तीही भर शहरात.

आवाज कमी आणि धूर नाही, म्हणून ही शर्यत शहरात चालते असं सांगतात. ते खरंच आहे. लंडनमध्ये तर मार्गाचा काही भाग चक्क प्रदर्शनाच्या बंदिस्त सभागृहातून जात असे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते शहरी रस्त्याचं वळण.

हिशेब मांडून पाहू. हैदराबादला धावलेल्या 'जेन 3', म्हणजे तिसऱ्या पिढीच्या गाडीच्या बॅटरीतून शर्यतीसाठी मिळतात सुमारे 38 युनिट. आपल्या वीजबिलात असतात तीच युनिटं: एक युनिट म्हणजे एक किलोवॉट तासभर. शर्यतीत मोटार एरवी 300 किलोवॉटपर्यंत शक्ती देते. पूर्ण जोर सतत लावला तर बॅटरी आठ मिनिटांच्या आत संपेल! शर्यत मात्र साधारण पाऊण तासाची. मग गाडी शेवटपर्यंत पोचते कशी?

चालकासह 840 किलोची गाडी ताशी 200 किलोमीटर वेगाने वळणाशी येते आणि वेग 60 वर आणते. वेगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून एवढ्याशा वेळात जवळजवळ 0.33 युनिट ऊर्जा सुटते. दहा वॉटचा दिवा तेवढ्यावर 33 तास जळेल. घाट उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आठवा: तिथे हीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. इथे मोटारच उलटी वागते. चाकं तिला फिरवतात, ती जनित्र बनते, वीज बॅटरीत परतते आणि त्याच ओढीने गाडी मंदावते. हे काम पुढच्या आणि मागच्या, दोन्ही आसांवर होतं. दोन्ही मिळून 600 किलोवॉटपर्यंत. म्हणून मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक ठेवलेलेच नाहीत. सगळी ऊर्जा अर्थातच परत येत नाही, थोडी वाटेत हरवते.

लांब सरळ रस्त्यावर हे जमत नाही. तिथे ऊर्जा हवा कापण्यात जाते, आणि हवेला दिलेलं परत मागता येत नाही. वेग दुप्पट झाला की हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते. वारंवार वेग कमी करावा लागणं रुंद, वेगवान ट्रॅकवर वैगुण्य ठरलं असतं, तेच अरुंद, वळणावळणाच्या शहरात सोयीचं होतं.

चालकाचं कौशल्यही त्यामुळे बदलतं. वळण येण्याआधीच पाय उचलायचा, गाडी घरंगळू द्यायची, मग वीज गोळा करायची. पुढच्याच्या आडोशाला राहिलं तर हवेचा विरोध कमी, म्हणून कधीकधी आघाडीवर असणंच महाग पडतं. हैदराबादला ज्याँ-एरिक व्हर्न्य पहिला आला तो निक कॅसिडीला अखेरपर्यंत मागे थोपवून. शिल्लक ऊर्जा मोजत बचाव करणाऱ्याचा तो संयम मला कुठल्याही वेगाइतकाच थरारक वाटतो.

या मालिकेत पहिल्या, 2014 च्या हंगामापासून मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघ आहे. हैदराबादची 2024 ची शर्यत मात्र जानेवारीत, जेमतेम महिनाभर आधी रद्द झाली. घरच्या रस्त्यावर धावण्याची या संघाची संधी त्या वर्षी हुकली, याची मला खंत आहे.