जॅक खाली बसतोय, पण फरशीवर तेलाचा थेंब नाही

आमच्या गॅरेजातल्या बाटली जॅकनं (तेलाच्या दाबावर गाडी उचलणारा, बाटलीसारखा उभा जॅक) मधे असा त्रास दिला की गाडी उचलून स्टेपनी आणेपर्यंत चाकाचा हब दोन बोटं खाली आलेला असायचा, आणि फरशी बघावी तर कोरडीठाक. पोरगा म्हणाला काका लीक कुठाय, जॅकच म्हातारा झालाय. लीक होताच, फक्त आतल्या आत. तेल रॅमखालून, म्हणजे वजन घेऊन वर सरकणाऱ्या खांबाखालून, निसटून परत जॅकमधल्याच टाकीत जात होतं, मग बाहेर दिसणार काय?

साधा हिशोब बघा. रॅम 30 मिमी जाडीचा धरला आणि वर 1 टन वजन आलं तर आतल्या तेलावर साधारण 2000 पीएसआय प्रेशर येतं, टायरमधे आपण 30-32 भरतो. एवढं प्रेशर अडवून धरतात दोन बारीक छर्रे, एक पंपाकडच्या वाटेवर आणि एक रिलीज व्हॉल्व्हच्या (जो सैल केला की जॅक खाली येतो) स्क्रूखाली. छर्रा ज्या गोल कडेवर बसतो ती सीट, तिथं लोखंडाचा कीस किंवा गंजाचा कण अडकला की संपलं. आणि यातली गंमत (म्हणजे डोकेदुखी) अशी की फट दुप्पट झाली की गळती दुप्पट नाही, आठपट होते, शिवाय तेल तापून पातळ झालं की अजून वाढते, म्हणून सकाळी बरा असलेला जॅक दुपारी बसायला लागतो. रॅम 1 सेंटीमीटर खाली यायला जेमतेम दीड चमचा तेल निसटावं लागतं, बास.

आता दोष कुठला ते ओळखायचं कसं, तर पंप मारायच्या दांड्याकडे बघा. लोड असताना दांडा आपोआप वर यायला लागला तर पंपाकडचा छर्रा नीट बसत नाहीये, कारण प्रेशर उलटं येऊन प्लंजरला (दांड्यानं चालणाऱ्या पंपाच्या दट्ट्याला) ढकलतंय. दांडा गप्प आहे पण जॅक बसतोय, मग रिलीज व्हॉल्व्ह नाहीतर रॅमचं सील. रॅमच्या गळ्याशी ओलं दिसलं तर आधी सीलवर संशय घ्यायचा. हे सील पण भारी चीज आहे, प्रेशर वाढेल तशी त्याची कड भिंतीला जास्त दाबून बसते. 1795 मधे इंग्लंडात जोसेफ ब्रामानं हायड्रोलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा हीच युक्ती चामड्याच्या वाटीनं केली होती आणि तिचं श्रेय त्याच्याकडच्या हेन्री मॉडस्लेला देतात.

आमचा दांडा गप्प होता, गळा कोरडा. लोड काढून रॅम पूर्ण खाली केला, तेल ओतून घेतलं, स्क्रू काढला तर छर्र्यावर नखाला लागेल असा चरा. सीट रॉकेलनं धुतली, नवीन छर्रा टाकला आणि पितळी दांडी ठेवून हातोडीची एकच हलकी टिचकी दिली, म्हणजे सीटवर छर्र्याच्या मापाची स्वच्छ कड उठते. जोरात मारलं तर सीट कायमची गेली समजा. तेल हायड्रोलिकचंच भरायचं, ब्रेक ऑइल अजिबात नाही, त्यानं या जॅकच्या सीलचं रबर फुगून निकामी होतं. रॅम खाली असताना तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरलं, मग रिलीज उघडा ठेवून दहा-बारा वेळा दांडा मारला की हवा निघते.

नंतर गाडी उचलली, खाली घोडी, म्हणजे आधाराचा लोखंडी स्टँड, लावली (ती जॅक नवा असला तरी लावायचीच), रॅमवर मार्करनं रेघ मारून चहाला गेलो. अर्ध्या तासानं आलो तर रेघ होती तिथंच.