इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ नर्सची नोकरी आणि व्हिसा : पैसे भरण्याआधी हे वाचा

हे पत्रक जीएनएम, पोस्ट बेसिक किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. परदेशी जायचा निर्णय आपल्याकडे एकट्याने होत नाही. पैशांची सोय वडील करतात, कर्जाच्या कागदावर सही नवऱ्याची किंवा सासऱ्यांची असते. म्हणून घरातला व्यवहार ज्यांच्या हातात आहे, त्यांनी हे आधी वाचावं.

आमच्या मिरजेच्या मार्गदर्शन कार्यालयात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : "यूकेत मेंटल हेल्थमध्ये केअर असिस्टंटला स्पॉन्सर व्हिसा मिळतोय म्हणे. तुम्ही करून देता का?"

नाही. आणि दुसरं कोणीही करून देऊ शकत नाही. केअर वर्कर आणि सीनिअर केअर वर्कर या पदांसाठी परदेशातून नवी भरती ब्रिटन सरकारने 22 जुलै 2025 पासून बंद केली आहे. त्याच दिवसापासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी काम साधारण पदवीच्या पातळीचं असावं, असा नियम लागू झाला. त्यामुळे सपोर्ट वर्कर, हेल्थकेअर असिस्टंट अशा नावांनी येणाऱ्या जाहिरातीही इथून नव्याने जाणाऱ्यांच्या उपयोगाच्या राहिल्या नाहीत. तुमच्या ओळखीतलं कोणी 2022-23 मध्ये केअर वर्कर म्हणून गेलं असेल, तर ते खरंच आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये ही वाट उघडली होती आणि हजारो लोक गेले. पण त्यांचं उदाहरण दाखवून आज कोणी तुमच्याकडे लाखभर रुपये आगाऊ मागत असेल, तर तो बंद झालेल्या वाटेचे पैसे मागतो आहे.

उघडी आहे ती नोंदणीकृत नर्सची वाट. तिला वेळ लागतो, परीक्षा द्याव्या लागतात, मधला रस्ता नाही.

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी एनएमसी, म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल करते. आपल्याकडे जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेली नर्स कुठल्याही वॉर्डात काम करू शकते. तिकडे मात्र नर्सिंगच्या चार वेगळ्या शाखा आहेत : प्रौढ रुग्ण, लहान मुलं, लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता) आणि मेंटल हेल्थ. अर्ज करतानाच शाखा ठरवावी लागते आणि सीबीटी (संगणकावरची) व ऑस्की (प्रात्यक्षिक) या दोन्ही परीक्षा त्याच शाखेच्या द्याव्या लागतात. इथे घाईत घेतलेला निर्णय महागात पडतो. "मेंटल हेल्थला गर्दी कमी, लवकर काम होतं" हे ऐकून ही शाखा निवडू नका. जीएनएमला असताना येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात झालेलं पोस्टिंग ही सुरुवात आहे, अनुभव नव्हे. मानसोपचार विभागात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा खासगी मनोरुग्णालयात निदान वर्षभर रोजची ड्यूटी केलेली असेल, किंवा बंगळुरूच्या निमहान्ससारख्या मानसोपचार संस्थेत मानसोपचार नर्सिंगचा डिप्लोमा झाला असेल, तर मुलाखतीत तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असतं. फक्त एएनएम झालं असेल, तर त्यावर तिकडे नर्स म्हणून नोंदणी होत नाही. आधी जीएनएम पूर्ण करा, असंच आम्ही सांगतो.

तिथलं काम नेमकं कसं असतं

हा भाग आम्ही मुद्दाम मोठा लिहिला आहे. बहुतेक जाहिरातींत पगार असतो, व्हिसा असतो, काम नसतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मानसोपचार वॉर्डाचा सगळा कारभार 1983 च्या मेंटल हेल्थ ॲक्टवर चालतो. वॉर्डात बोलताना लोक कलमांचे आकडेच वापरतात. 'सेक्शन टू' म्हणजे तपासणीसाठी जास्तीत जास्त 28 दिवस दाखल, 'सेक्शन थ्री' म्हणजे उपचारासाठी सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंत. काही रुग्ण स्वतःच्या मर्जीने दाखल झालेले असतात. असा एखादा रुग्ण रात्री दोन वाजता बॅग घेऊन दाराशी आला, "मला आत्ता घरी जायचंय" म्हणाला आणि बाहेर गेल्यावर तो जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी खरी भीती असली, तर मेंटल हेल्थ नर्स कलम 5(4) वापरून त्याला डॉक्टर येईपर्यंत, जास्तीत जास्त सहा तास, थांबवून ठेवू शकते. हा अधिकार सगळ्याच नर्सना नाही. मेंटल हेल्थ आणि लर्निंग डिसॅबिलिटी शाखेच्याच नर्सना आहे. एका माणसाचं स्वातंत्र्य काही तासांसाठी तुमच्या सहीने थांबतं, आणि का थांबवलं ते तुम्हालाच लिहून द्यावं लागतं. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, तिकडची ऑफर आली तर त्यांची तयारी वेगळी करावी लागते.)

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. जोखीम जास्त असलेल्या रुग्णाला ठरावीक मिनिटांनी पाहायचं असतं, किंवा सतत नजरेसमोर ठेवायचं असतं, काही वेळा हाताच्या अंतरावर. ही नुसती राखण नाही. त्या वेळात रुग्णाशी बोलणं, तो जेवला का, झोपला का, कुणाचा फोन आल्यावर गप्प झाला, हे टिपणं आणि शिफ्ट संपताना पुढच्या नर्सला नेमक्या शब्दांत सांगणं हे सगळं त्यात येतं. म्हणून इंग्रजी. सलाईन लावताना मोडकंतोडकं इंग्रजी चालून जातं. आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसाशी बोलताना चालत नाही.

आणि नातेवाईक. आपल्याकडे रुग्णाजवळ घरचं कोणीतरी असतंच, आणि आपण सहज म्हणतो, "आईला बोलवा, आई समजावेल." तिकडच्या वॉर्डात नातेवाईक मुक्कामाला नसतात. रुग्ण सज्ञान असेल तर त्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती साधारणपणे आईवडिलांनाही देता येत नाही. मुलाखतीत हमखास विचारतात, "रुग्णाने गोळी नाकारली तर काय कराल?" त्यावर "नातेवाइकांना सांगू" किंवा "डॉक्टरांना सांगून इंजेक्शन देऊ" हे उत्तर आलं की मुलाखत तिथेच ढासळते. आधी कारण विचारणं, वेळ देणं, गोळीचे दुष्परिणाम होतात का ते पाहणं, रुग्ण कोणत्या कलमाखाली आहे हे माहीत असणं, नोंद करणं, मग टीमशी बोलणं हा क्रम त्यांना ऐकायचा असतो. आपला 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा नीट वाचलात तर ही विचारसरणी परकी वाटणार नाही. रुग्णाची आगाऊ सूचना, त्याने निवडलेला प्रतिनिधी, बांधून ठेवण्यावरचे निर्बंध हे सगळं त्यातही आहे.

या कामात दम लागतो. आरडाओरडा, शिवीगाळ, कधी अंगावर धावून येणंही असतं. त्यासाठी प्रशिक्षण मिळतं. ज्यांना माणसांशी बोलायला मनापासून आवडतं, त्यांना हे काम फार समाधान देतं. केवळ व्हिसासाठी कोणी यात पडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परीक्षा आणि कागद

इंग्रजीसाठी आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत 7, लेखनात 6.5 लागतात. त्याऐवजी ओईटी ही आरोग्यसेवेतल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा दिली तर पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. सीबीटी संगणकावर असते आणि भारतातच देता येते. तिचे अंकगणित आणि नर्सिंग असे दोन भाग आहेत. ऑस्की ही दहा स्टेशनची प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच होते. बहुतेक जण सीबीटी झाल्यावर मुलाखत देऊन जातात आणि तिथे काम करता करता ऑस्कीची तयारी करतात. व्हिसाच्या नियमाप्रमाणे ऑस्कीचा पहिला प्रयत्न नोकरीच्या पहिल्या 12 आठवड्यांत द्यावा लागतो. तोपर्यंत पगार पूर्ण नर्सचा नसतो, हे घरी आधीच सांगून ठेवा.

कागदांत आमच्याकडच्या मुली सगळ्यात जास्त अडकतात त्या नावामुळे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिकडे कागद पाहणाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि गरज असेल तिथे राजपत्रातली नावबदलाची नोंद आधी करून घ्या, परीक्षेचा फॉर्म पासपोर्टवरच्या नावानेच भरा. अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं 'स्टाफ नर्स' नको. मानसोपचार विभाग, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. कौन्सिलकडून एनएमसीला जाणाऱ्या पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे ते काम पहिल्यांदा सुरू करा. व्हिसाच्या वेळी पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि मान्यताप्राप्त दवाखान्यातून टीबीची तपासणी लागते.

पैसे कोणी कशाचे द्यायचे

एनएमसीचं पात्रता शुल्क 140 पौंड, सीबीटी 83 पौंड, ऑस्की 794 पौंड. हे थेट त्या-त्या संस्थेला भरायचे असतात, एजंटच्या हातात नाही. एनएचएसचे, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे, पुष्कळ ट्रस्ट (रुग्णालयं चालवणाऱ्या संस्था) ऑस्कीचा खर्च स्वतः करतात किंवा भरलेले पैसे परत देतात. ऑफर आल्यावर विचारायला लाजू नका. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाचं शुल्क एप्रिल 2025 मध्ये तीन वर्षांपर्यंत 304 पौंड आणि त्यापुढे 590 पौंड होतं. इतर व्हिसांवर वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार बसतो, तो या व्हिसावर माफ आहे, सोबत येणाऱ्या नवऱ्याला, बायकोला आणि मुलांनाही. केअर वर्करना कुटुंब नेता येत नाही, नर्सला येतं. एनएचएसमध्ये नोंदणीकृत नर्सची सुरुवात बँड 5 या वेतनश्रेणीवर होते; 2025-26 साठी ती वर्षाला 31,049 पौंड होती. कर आणि घरभाडं वजा जाता हाती काय राहतं, हे शहरावर ठरतं.

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, ज्याला सगळे 'सीओएस' म्हणतात, ते विकत मिळत नाही. त्याचं शुल्क नोकरी देणाऱ्यानेच भरायचं असतं आणि ते तुमच्याकडून वसूल करायला त्याला मनाई आहे. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि त्याने घ्यायच्या शुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. "सीओएससाठी दहा लाख" हे वाक्य ऐकलंत की उठून या. त्या माणसाशी घासाघीस करू नका.

ऑफर हातात आली की मालकाचं नाव ब्रिटन सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरच्या यादीत शोधा, एजन्सीचं नाव एनएचएस एम्प्लॉयर्सच्या नैतिक भरतीच्या यादीत आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधा. तिन्ही ठिकाणी बघायला पैसे लागत नाहीत. ईमेल जीमेलवरून येत असेल, मुलाखतच न होता ऑफर आली असेल, तर पुढे जाऊ नका. करारात 'लवकर सोडल्यास खर्च परत' असं कलम असू शकतं. किती पैसे, किती वर्षं आणि दरवर्षी रक्कम कमी होते का, हे वाचल्याशिवाय सही नको. शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला 1800 11 3090 या मोफत क्रमांकावर फोन करा.

आम्ही काय करतो

आम्ही नोकरी देत नाही, व्हिसा देत नाही, कोणाचे एजंट नाही. कागदांची छाननी, नावातल्या तफावतीची दुरुस्ती, एनएमसीचा अर्ज, इंग्रजी संभाषणाचा आणि मेंटल हेल्थ सीबीटीचा सराव, सराव मुलाखती आणि कराराचं मराठीत समजावून वाचन, एवढंच आमचं काम. प्रत्येक कामाची फी कार्यालयात लावलेल्या फलकावर आहे आणि पावती मिळते. परदेशातून नर्स घेणं तिकडे सध्या बरंच मंदावलं आहे, त्यामुळे अमुक महिन्यात विमानात बसाल असं वचन आम्ही देणार नाही. मानसोपचाराचा अनुभव नसेल, तर आधी इथेच वर्षभर काम करा असं सांगून आम्ही परतही पाठवतो, आणि त्या सल्ल्याची फी घेत नाही.

नियम आणि शुल्क वरचेवर बदलतात. अर्जाच्या दिवशी ब्रिटन सरकारच्या आणि एनएमसीच्या संकेतस्थळावर आमच्यासमोर बसून पुन्हा पाहून घ्या. पहिल्या भेटीला येताना दहावीचं प्रमाणपत्र, नर्सिंगच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, कौन्सिलची नोंदणी, पासपोर्ट, अनुभवाचे दाखले आणि लग्न झालं असेल तर विवाह प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद दाखवायला आणा, पण आमच्याकडे ठेवायला देऊ नका. आमच्याकडेच काय, कोणाकडेच नको.