राबत्या बोटांसाठी टचस्क्रीन

गेल्या चैत्रात परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बँकेच्या ओट्यावर बसवलेल्या पासबुक छापणाऱ्या यंत्रापुढे मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढचे आजोबा ‘मराठी’ असे लिहिलेल्या बटणावर पुन्हा पुन्हा बोट टेकवत होते, पण पडदा काही पुढे सरकत नव्हता. त्यांनी बोट धोतराला पुसले, मग जोर लावून दाबले, तरीही यंत्र ढिम्म. मागे वळून ते म्हणाले, “माझं बोट दिसंना का ह्याला?” मी म्हणालो, “आबा, बोट जरा ओलं करून बघा.” पोथीचे पान उलटताना लावतात तसे त्यांनी बोट जिभेला लावले, काचेवर टेकवले आणि पडदा लगेच बदलला.

आबांनी विचारलेला प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमका होता, कारण त्या पडद्याला त्यांचे बोट खरोखरच दिसले नव्हते. सातबारा काढून देणारी, रेल्वेचे तिकीट देणारी, रुग्णालयात केसपेपरचा क्रमांक देणारी स्वयंसेवा यंत्रे आता मराठवाड्याच्या गावोगावी येत आहेत. त्यांचे पडदे निवडताना आकार, किंमत आणि चकचकीतपणा पाहिला जातो, परंतु त्यावर टेकणारी बोटे कशी असतील, हे फारसे पाहिले जात नाही. माझ्या मते निवडीची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

आजच्या बहुतेक किऑस्कवर, म्हणजे अशा स्वयंसेवा यंत्रांवर, मोबाइलप्रमाणेच कपॅसिटिव्ह जातीचा पडदा असतो. त्याच्या काचेमागे इंडियम-टिन ऑक्साइड या पारदर्शक आणि वीजवाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. उभी पट्टी आडवीला जिथे ओलांडते, तिथे अल्पसा विद्युतभार साठवून ठेवण्याची क्षमता, म्हणजे धारिता, निर्माण होते. ही धारिता काही पिकोफॅरड इतकीच असते आणि एक पिकोफॅरड म्हणजे फॅरड या धारितेच्या एककाचा एक लाख कोटीवा भाग. माणसाचे शरीर खारट पाण्याने भरलेले असल्याने वीज वाहून नेते. त्यामुळे बोट काचेजवळ आले की पट्ट्यांमधील विद्युतक्षेत्राचा थोडा अंश बोटाकडे वळतो आणि त्या छेदावरची धारिता एका पिकोफॅरडपेक्षाही कमी प्रमाणात घटते. पडद्यामागची चिप सेकंदाला साठ-शंभर वेळा संपूर्ण जाळी तपासते आणि ही घट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तरच ‘स्पर्श झाला’ असे मानते. या साऱ्या व्यवहारात जोर लावण्याला काहीही स्थान नाही. जोर लावल्याने फार तर बोट थोडे पसरते आणि टेकलेले क्षेत्रफळ वाढते.

आता राबणाऱ्या हाताकडे पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. अंगावर इतरत्र तो एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पातळ असतो, पण बोटांच्या टोकांवर तो मुळातच कितीतरी पटींनी जाड असतो आणि नांगर, खुरपे, कोयता वर्षानुवर्षे हाती धरल्यावर तिथे घट्टे पडून तो आणखी वाढतो. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत या थरातला ओलावा निघून जातो. कोरडा घट्टा विजेच्या दृष्टीने रबराच्या टोपीसारखा वागतो: बोटाचा वीजवाहक भाग काचेपासून दूर राहतो, आणि भेगाळलेले खडबडीत टोक काचेला मोजक्याच ठिकाणी टेकते. धारितेत होणारा बदल त्यामुळे चिपने ठरवलेल्या मर्यादेच्या आतच राहतो. बोट ओले केले की पाणी भेगा भरून काढते आणि वरच्या थरातही मुरते. विद्युतक्षेत्र आपल्यात सामावून घेण्याची पाण्याची क्षमता हवेच्या सुमारे ८० पट आहे, म्हणूनच आबांचे बोट यंत्राला एकदम ‘दिसले’.

मग ती मर्यादाच खाली का आणू नये, असे कोणीही विचारील. ती आणता येते आणि काही प्रमाणात आणलीच पाहिजे, मात्र तिची किंमत मोजावी लागते. संवेदनशीलता वाढवलेला पडदा पावसाच्या थेंबालाही बोट समजू लागतो, विशेषतः ते पाणी घामाने किंवा धुळीतल्या क्षारांनी खारट झालेले असेल तर. चांगल्या चिपा यावर एक उपाय करतात. दोन पट्ट्यांमधील धारिता आणि प्रत्येक पट्टीची जमिनीच्या संदर्भातली धारिता अशी दोन मापे घेऊन त्या त्यांची तुलना करतात. काचेवर सुटा पडलेला थेंब पहिल्या मापात दिसतो, पण दुसऱ्यात जवळपास दिसत नाही, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे बोट दोन्हींत दिसते. काचेची जाडी हा आणखी एक पेच आहे. फोनची काच एका मिलिमीटरहूनही पातळ असते. उघड्यावरच्या यंत्राला मात्र दगड-धक्के सोसण्यासाठी चार ते सहा मिलिमीटरची टफन्ड काच लागते आणि तेवढे अंतर पुन्हा बोटाच्या वाट्याला येते. म्हणून जाड काचेसाठी बनवलेली चिप आणि त्या काचेसह केलेली जुळणी पुरवठादाराकडून मागून घ्यावी. पातळ काचेसाठी जुळवलेल्या पडद्यावर वरून जाड काच चिकटवून देण्याचा प्रकार सरळ नाकारावा.

कपॅसिटिव्ह पडदा मोबाइलबरोबर जन्मला, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडमधील मॉल्व्हर्न येथील रडार संस्थेत अशा पडद्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली होती आणि तीही विमान वाहतुकीच्या नियंत्रणासाठी. दुसऱ्या, म्हणजे दाबावर चालणाऱ्या रेझिस्टिव्ह जातीच्या पडद्याचे मूळ अमेरिकेतील सॅम्युएल हर्स्ट यांच्या १९७०च्या दशकातील कामात आहे. यात काचेवर प्लास्टिकचा एक लवचीक थर अगदी बारीक ठिपक्यांवर तोलून धरलेला असतो. दोन्हींच्या समोरासमोरच्या बाजू वीजवाहक असतात, आणि दाबल्यावर त्या जिथे टेकतात तिथले विद्युतदाब मोजून जागा ठरते. इथे फक्त जोर महत्त्वाचा असल्याने घट्टे पडलेले बोट, नख, हातमोजा, खिशातले पेन यांतील काहीही चालते. जाणकार मंडळी या पडद्याला आता जुनाट म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. छताखालच्या, देखरेखीतल्या यंत्रासाठी, म्हणजे तहसील कचेरीतील टोकन देणाऱ्या यंत्रासाठी, तो आजही विचारात घेण्याजोगा आहे. मात्र चार तारांचा स्वस्त प्रकार घेऊ नये. त्यात वरचा थर झिजला की मापच चुकू लागते. पाच तारांच्या प्रकारात माप खालच्या काचेवर होत असल्याने तो कितीतरी जास्त टिकतो. दोन उणिवा मात्र राहतातच: प्लास्टिकवर अंगठीचे आणि नाण्याचे ओरखडे पडतात, आणि थरांमुळे सुमारे पाचवा हिस्सा उजेड आतच अडतो.

अवरक्त किरणांचा पडदा तर बोट कसे आहे हे पाहतच नाही. चौकटीच्या दोन बाजूंना न दिसणारे किरण सोडणारे दिवे, समोरच्या बाजूंना ते टिपणारे डोळे, आणि मध्ये काही आडवे आले की स्पर्श. ऐकायला हे फार सोयीचे वाटते, पण आपल्याकडे त्यात धोका आहे. काचेवरच्या या किरणांना साडीचा पदर किंवा सदऱ्याची बाही बोटाआधीच अडवते आणि भलतेच बटण दाबले जाते. लातूरच्या अडतीवर सोयाबीनची धूळ, वसमतला हळदीची भुकटी आणि जिनिंगच्या आसपास उडणारे कापसाचे तंतू चौकटीच्या खाचेत साचतात. पश्चिमेचे ऊन थेट त्या डोळ्यांत शिरले तर ते आंधळे होतात, कारण उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात. रोज फडके फिरवणारा माणूस असेल, तरच हा प्रकार घ्यावा. काचेच्या पृष्ठभागावरून ध्वनिलहरी पाठवणाऱ्या पडद्यालाही धूळ आणि पाणी सोसत नाही, तेव्हा आपल्या उघड्या ओट्यांवर त्याचे काम नाही.

पडद्याला बोट दिसले तरी माणसाला पडदा दिसला पाहिजे, आणि इथे आपले ऊन आडवे येते. घरातल्या किंवा कचेरीतल्या पडद्याची तेजस्विता साधारण ३०० निट (तेजस्वितेचे एकक) असते. उघड्या ओट्याच्या सावलीतही दिवसा १०,००० लक्सपर्यंत (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड असू शकतो. त्या उजेडात यंत्रापुढे पांढरा सदरा घालून माणूस उभा राहिला, तर हिशेबाने त्या सदऱ्याचीच तेजस्विता सुमारे २,५०० निट भरते. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. साध्या यंत्रात वरची काच आणि आतला पडदा यांच्यात हवेची पोकळी असते, म्हणजे काचेची पुढची बाजू, मागची बाजू आणि पडद्याचा पृष्ठभाग अशा तीन सीमा होतात. त्यातून सदऱ्याचे जवळपास ३०० निटांचे प्रतिबिंब परत येते. पडद्यावरचे काळे अक्षर मग ३०० निटांचे आणि पांढरी पार्श्वभूमी ६०० निटांची दिसते, म्हणजे फरक जेमतेम दुप्पट. वेब-पानांवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत हे प्रमाण किमान साडेचारपट सांगितले आहे.

यावर पुरवठादाराचे पहिले उत्तर ‘तेजस्विता वाढवा’ हेच असते. परंतु आधी ती पोकळी पारदर्शक गोंदाने भरून घ्यावी; या क्रियेला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. गोंदाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, काचेच्या जवळचा असल्याने आतल्या दोन सीमा जवळपास नाहीशा होतात आणि प्रतिबिंब १०० निटांवर येते. तोच ३०० निटांचा पडदा आता चौपट फरक दाखवतो, आणि १,००० निटांचा घेतला तर अकरापट. आतली धूळ आणि पावसाळ्यात काचेमागे धरणारी वाफही याच गोंदाने टळते. काच खरखरीत करून चकाकी मोडण्याचा दुसरा उपायही प्रचलित आहे, पण तो हलक्या हाताने केलेला असावा. खरखर वाढली की अक्षरांच्या कडा धूसर होतात, आणि इंग्रजी मुळाक्षरांपेक्षा आपल्या रफाराला, अनुस्वाराला आणि जोडाक्षरांना त्याचा फटका जास्त बसतो. म्हणून नमुना पाहताना त्यावर ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘ज्येष्ठ नागरिक’ असे शब्द लावून पाहावेत.

यंत्राचे तोंड कोणत्या दिशेला असावे, हा निर्णय फुकट असतो आणि तरीही बहुधा चुकतो. मराठवाड्यात मे महिन्याच्या मध्यानंतर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे उभ्या पडद्यावर दुपारी बाराचे ऊन फारसे पडत नाही. त्रास होतो तो चार वाजताच्या, पश्चिमेकडून समोर येणाऱ्या उन्हाचा, आणि हिवाळ्यात दक्षिणेकडून येणाऱ्या तिरप्या उन्हाचा. उत्तरेकडे तोंड करणे सर्वांत बरे. थेट ऊन दर चौरस मीटरला १,००० वॅटच्या आसपास ऊर्जा आणते, म्हणजे १५ इंची पडद्यावर सुमारे ७० वॅट. बाहेरची हवा आधीच ४२ अंशांवर असताना ही भर पडते. पडद्यातला द्रवस्फटिक विशिष्ट तापमानापुढे आपली रांग मोडून साध्या द्रवासारखा होतो आणि तिथे काळा डाग पसरतो. गार झाल्यावर डाग जातो, पण रोजच्या तापण्याने वरचे ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे पापुद्रे) आणि गोंद कायमचे बिघडतात. साध्या पडद्याला ५० अंशांपर्यंतच चालण्याची हमी असते. बाहेरच्या यंत्रासाठी ७० किंवा त्याहून अधिक अंशांची मागावी.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. एका कचेरीत एप्रिल लागला की किऑस्कवरची बटणे आपोआप दाबली जाऊ लागत. पुरवठादाराने पडदा दोनदा बदलून पाहिला. यंत्राच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, असे तिथल्या शिपाईमामांनी सांगितले, आणि उलगडा झाला. वीजपुरवठ्याच्या खोक्यातून थोडी विद्युतधारा नेहमीच पत्र्यापर्यंत पाझरते आणि अर्थिंग ठीक असेल तर ती जमिनीत जाते. अर्थिंग तुटले की पत्रा मेनच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहतो, आणि माणसाने काचेला बोट लावले की तो सारा विद्युत-गोंगाट बोटातून त्या नाजूक जाळीत शिरतो. तिथे अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळशाचा होता आणि भोवतालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडीठक्क झाली होती. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतले आणि भुताटकी थांबली. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरींवर चालणाऱ्या यंत्रातही असाच घोळ दिसतो.

बटणांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ती किमान दोन सेंटीमीटर रुंद असावीत आणि जमिनीपासून १२० सेंटीमीटरच्या वर नसावीत, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीचा हातही पोहोचतो. सपाट काच अंध व्यक्तीच्या बोटाला काहीच सांगत नाही, म्हणून ध्वनीसूचना आणि उंचवट्याची काही खरी बटणे हवीतच. जिथे काम एकच आहे, तिथे टचस्क्रीन मुळीच नको. आपल्या खेड्यांतील पाण्याच्या एटीएमवर नाणे टाकून एक जाड बटण दाबले की घागर भरते, आणि ओल्या हाताने, अंधारात, लहान पोरालाही ते जमते.

नमुन्याची चाचणी वातानुकूलित खोलीत, पुरवठादाराच्या मऊ बोटांनी होऊ देऊ नये. ती एप्रिल-मे महिन्यात, दुपारी चार वाजता, यंत्र जिथे बसायचे आहे त्याच ओट्यावर, एकदा मेनवर आणि एकदा इन्व्हर्टरवर घ्यावी. ऊसतोडीहून परतलेले, वेचणीला जाणाऱ्या बायका, गवंडी, म्हातारी माणसे अशा वीस-पंचवीस जणांना बोलवावे, प्रत्येकाने दहा वेळा बटण दाबावे, आणि पहिल्याच स्पर्शाला किती वेळा उत्तर मिळाले, एवढे वहीत लिहावे. मग काचेवर तांब्याभर पाणी शिंपडून तेच पुन्हा करावे. दोन-तीन पुरवठादारांचे नमुने शेजारी ठेवून वहीतले आकडे जुळवले, की निविदेतील कोणता पडदा घ्यायचा ते त्या बोटांनीच ठरवलेले असते.