खारं पाणी कुठवर आलं?

आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगलच्या पोटात शिरलेली एक बारीक, वळणावळणाची पट्टी नकाशात दिसते. तो गांबिया. लांबी सुमारे ३२० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त पन्नास. सगळा देश मिळून आपल्या चंद्रपूर जिल्ह्याएवढा आणि लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास. १८८९ साली ब्रिटिश आणि फ्रेंचांनी वाटणी केली तेव्हा नदीच्या दोन्ही काठांची साधारण दहा-दहा किलोमीटर जमीन ब्रिटिशांकडे राहिली. १९६५ मध्ये तीच पट्टी स्वतंत्र देश झाली. देशाला नाव नदीचं, आणि इथल्या माणसाचं वर्षही नदीच आखून देते.

गांबिया नदी उगम पावते शेजारच्या गिनी देशात, फुटा जालोनच्या डोंगराळ पठारावर, आणि सुमारे ११२० किलोमीटर वाहून बांजुल या राजधानीपाशी अटलांटिक महासागराला मिळते. गांबियात तिला उतार जवळजवळ नाहीच. त्यामुळे समुद्राची भरती मुखापासून आत सुमारे ५०० किलोमीटरपर्यंत जाणवते, म्हणजे देशाची पूर्वेकडची हद्द ओलांडून थेट सेनेगलमध्ये. भरती एवढी आत जाते, पण मीठ जात नाही. मीठ कुठवर जाणार हे वरून येणारं गोडं पाणी ठरवतं.

पाऊस जून ते ऑक्टोबर. सप्टेंबरात नदीला सेकंदाला हजार घनमीटरहून जास्त पाणी येतं, तर मे महिन्याच्या अखेरीला दहा घनमीटरसुद्धा येत नाही. पावसाळ्यात पूर खाऱ्या पाण्याला मुखापासून सत्तरेक किलोमीटरपर्यंत मागे रेटतो. पाऊस थांबला की मीठ पुन्हा वर चढू लागतं आणि उन्हाळ्याअखेर कुंताउर गावाच्या जवळ, सुमारे अडीचशे किलोमीटर आत पोहोचतं. सात-आठ महिन्यांत १८० किलोमीटर, म्हणजे दिवसाला जवळपास पाऊण किलोमीटर. ही हलती रेषा नकाशावर कुठेच काढलेली नसते, पण भात कधी लावायचं ते तीच सांगते.

इथल्या मांडिंका समाजाच्या घरांमध्ये शेतीची जुनी वाटणी आहे. वरकस जमिनीत भुईमूग आणि बाजरी पुरुषांची, नदीकाठच्या चिखलातलं भात बायकांचं. खालच्या भागात कांदळवनामागच्या खाजणात बायका आधी पावसाची वाट पाहतात. पहिल्या सरींनी जमिनीतलं मीठ धुतलं जातं, मगच लावणी. मुखाजवळ गोड्या पाण्याचे महिने मोजकेच, म्हणून तिथे लवकर तयार होणारी वाणं. वर सरकावं तसे महिने वाढतात आणि गरवी वाणं येतात. मीठ कधीच पोहोचत नाही अशा पट्ट्यात तर मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट घडते. भरती समुद्राचं पाणी तिथवर आणत नाही, पण नदीचंच गोडं पाणी मागे सारून काठावर चढवते. दिवसातून दोनदा, ना पंप, ना डिझेल, शेतात पाणी.

१९८४ मध्ये याच पट्ट्यात जहाली-पाचार इथे मोठा सिंचन प्रकल्प उभा राहिला. वर्षातून दोन पिकं निघू लागली. पण परंपरेनं बायकांच्या स्वतंत्र हक्काची जमीन, तिला ‘कामान्यांगो’ म्हणतात, बव्हंशी घराच्या सामाईक जमिनीत धरली गेली आणि तिचा ताबा कर्त्या पुरुषाकडे गेला. कष्ट बायकांचे वाढले, उत्पन्नावरचा हक्क मात्र गेला. त्यावरून तिथे बरेच तंटे झाले. पाण्याचा हिशेब नीट मांडणाऱ्यांनी माणसांचा हिशेब तितका नीट मांडला नाही, असंच मला वाटतं.

मिठाचा दुसरा धडा शेजारच्या नद्यांनी दिला. १९७० आणि ८० च्या दशकांत साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, भीषण अवर्षण पडलं. गांबियाच्या उत्तरेची सालूम आणि दक्षिणेची कासामान्स या खाड्या तेव्हा उलट्या झाल्या. वरून गोडं पाणी येईना, उन्हानं वाफ होत राहिली, आणि मुखापेक्षा आतलंच पाणी जास्त खारट झालं. गांबिया नदी वाचली, कारण तिचा उगम फुटा जालोनच्या भरपूर पावसात आहे.

पण अवर्षणात चिखल सुकला तिथे आणखी एक संकट जागं झालं. कांदळवनाच्या काळ्या गाळात लोह आणि गंधकाचं पायराइट नावाचं खनिज असतं. पाण्याखाली हवा लागत नाही तोवर ते निरुपद्रवी असतं. गाळ कोरडा पडला की प्राणवायूशी संयोग होऊन त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि भात जळतं. खारं पाणी अडवायला बालिंघोजवळ नदीवर आडवा बांध घालायची योजना होती. बांधामागची खाजणं अशीच आंबट होतील, ही भीती तेव्हा अभ्यासकांनी मांडली होती. तो बांध झाला नाही. रायगडच्या खारेपाटात पाणी सोडायची उघाडी आणि खारं पाणी अडवणारी बांधबंदिस्ती सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला हा पेच वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

बांजुलच्या पाठीमागे तानबीच्या कांदळवनात हेच खारट पाणी पोट भरतं. ओहोटीला बायका होड्यांतून जातात आणि तिवरांच्या मुळांना चिकटलेली कालवं काढतात. पूर्वी मूळच तोडून आणत. २००७ मध्ये या बायकांनी ‘ट्राय’ नावाची संघटना बांधली. मुळं न तोडता कालवं सोडवायची, आणि काढणी ठरावीक महिन्यांतच, साधारण मार्च ते जून, म्हणजे बाकीच्या काळात नवी पिलं मुळांवर धरतात, हे त्यांनी आपसात ठरवलं. २०१२ मध्ये सरकारनं तानबीतल्या कालवांचा हक्क त्यांच्याकडे सोपवला. उरलेल्या शिंपल्यांचे ढीग भाजून चुना होतो.

घरात मात्र रोज लागतो तो तांदूळ. बेनाचिन, म्हणजे एकाच भांड्यात मासळी, भाज्या आणि भात. दोमोदा, म्हणजे शेंगदाण्याच्या दाट रश्श्यासोबत भात. सगळे एका परातीभोवती बसतात आणि प्रत्येक जण आपल्या समोरचंच खातो. पण परातीतला बराचसा तांदूळ आता बाहेरून येतो, त्यात भारताचा तुकडा तांदूळही. २०२२ मध्ये भारतानं त्याची निर्यात थांबवली आणि २०२३ मध्ये ज्या मोजक्या देशांना खास परवानगीनं तो पाठवायचं ठरलं, त्यांत गांबिया होता. आपल्याकडे कण्या म्हणून बाजूला पडणारा तांदूळ तिथल्या जेवणाचा आधार आहे.

आता सेनेगलमध्ये, गिनीच्या सीमेजवळ साम्बांगालू इथे या नदीवर मोठं धरण होतंय. वीज मिळेल, उन्हाळ्यातही वरून पाणी सोडता येईल आणि मीठ कुंताउरपर्यंत चढणार नाही. पण पावसाळ्याचा पूरही त्याच धरणात अडेल, आणि खालच्या खाजणातलं मीठ धुऊन नेणारा तोच. किती पाणी, कोणत्या महिन्यात सोडायचं, हे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत चिखलात लावणी करणाऱ्या बायकांना जागा हवी. त्यांना ती रेषा कुठे असते हे बोट बुडवून, जिभेला लावून कळतं.