स्पॉटिंग स्कोप : सरळ आणि तिरका

स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर बसवून एका डोळ्याने पाहायची, जास्त वर्धनाची दुर्बीण. पाठीवर बिऱ्हाड बांधून आठ-दहा दिवस डोंगरात काढणारे अमेरिकेतले शिकारी ती जनावर शोधण्यापेक्षा पारखण्यासाठी वापरतात. शोधायचे काम साध्या दुर्बिणीचे. अलास्कात डॉल मेंढा (डोंगरातला पांढरा रानमेंढा) मारायचा तर शिंगाने पुरा वेढा घेतलेला असावा लागतो, किंवा दोन्ही शिंगांची टोके तुटलेली, नाहीतर वय किमान 8 वर्षे. वय ठरते शिंगावरची वार्षिक वलये मोजून, आणि तीही समोरच्या कड्यावर मेंढा रवंथ करत बसलेला असताना. चूक झाली तर गुन्हा.

सरळ स्कोपची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, नळीच्या रेषेत असते. तिरक्यात लोलक प्रकाश वळवतो आणि नेत्रिका बहुधा 45 अंशांत वर येते. एकाच मालिकेतल्या दोन्ही स्कोपांची भिंगे सहसा सारखीच असतात, वजनातही नाव घेण्यासारखा फरक नसतो. खरा प्रश्न मानेचा आहे.

खालून वर पाहताना सरळ स्कोपपाशी मान मागे मोडून बसावे लागते; अर्ध्या तासात खांदे भरून येतात. तिरक्यात मांडीवरची पोथी वाचावी तशी मान खाली. शिवाय ट्रायपॉड बुटका ठेवता येतो. बुटका म्हणजे हलका, आणि वाऱ्यात कमी थरथरणारा. 40 पट वर्धनावर ही थरथरच वलये पुसून टाकते. धारेवरून खाली दरीत पाहायचे असेल, किंवा गाडीच्या खिडकीतून, तर मात्र सरळ स्कोपच सोयीचा. जनावरही त्यात पटकन सापडते, कारण नजर आणि नळी एकाच दिशेला असतात. तिरक्यात नवखा माणूस आधी नुसते आभाळच पाहतो. वर्धन अगदी कमी करून नळीच्या कडेने नेम धरायची सवय लागेपर्यंत चिडचिड होते. वर तोंड केलेल्या नेत्रिकेत पावसाचे थेंबही साचतात.

पाठीवरच न्यायचा तर 50 ते 65 मिलिमीटर वस्तुभिंगाचा (पुढच्या भिंगाचा) तिरका स्कोप घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत. 65 मिलिमीटरच्या स्कोपवर 60 पट वर्धन लावले की डोळ्याशी जेमतेम 1 मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत येतो. संध्याकाळी तो 60चा आकडा नुसता मिरवण्यापुरता.

भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे हा स्कोप दिसतो तो पक्षीनिरीक्षकांकडे. भिगवणला उजनीच्या फुगवट्याच्या काठी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला रांग लागते, तेव्हा उंच माणूस वाकतो, लहान मूल चवड्यांवर उभे राहते, आणि तिरक्या स्कोपचा ट्रायपॉड कुणालाही वरखाली करावा लागत नाही.