हणजूणचा बुधवारचा बाजार : पार्श्वभूमी

उत्तर गोव्याच्या बार्देश तालुक्यात हणजूणच्या किनाऱ्यालगत दर बुधवारी भरणारा बाजार पर्यटकांच्या परिचयाचा आहे. पावसाळा ओसरला की पथाऱ्या पडू लागतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्या उठतात. मात्र हा बाजार पर्यटकांसाठी सुरू झालाच नव्हता. पैसे संपत आलेल्या परदेशी तरुणांनी आपापसांतली नड भागवण्यासाठी तो सुरू केला, आणि हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या आजच्या रूपाविषयी मत बनवणे अन्यायाचे ठरेल.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतर काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतील हिप्पी तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल अशा खुष्कीच्या मार्गाने भारतात येऊ लागले; त्यांपैकी अनेकांचा उन्हाळा हिमालयाच्या आश्रयाने आणि हिवाळा गोव्यात जाई. मुंबईहून पणजीला जाणारी बोट त्यांच्या सोयीची होती. कळंगुटला गर्दी वाढली तसे ते उत्तरेला हणजूणकडे सरकले आणि गावातल्या घरांत भाड्याने राहू लागले. 1975 च्या सुमारास तिथे बाजार सुरू करण्याचे श्रेय सामान्यतः ‘एट फिंगर एडी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन हिप्पीला दिले जाते. हणजूणमध्ये सर्वांसाठी सामुदायिक जेवण रांधणारा म्हणूनही त्याची ख्याती होती. 2010 मध्ये गोव्यातच त्याचे निधन झाले.

परतीच्या तिकिटासाठी किंवा आणखी काही आठवडे राहता यावे म्हणून जवळचे जे असेल ते विकायचे, असा त्या बाजाराचा व्यवहार होता. जीन्स, कॅमेरा, टेपरेकॉर्डर, कॅसेट, वाचून झालेली पुस्तके असा माल वाळूत चादर पसरून मांडला जाई. त्या काळी भारतात आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे वापरलेल्या परदेशी वस्तूलाही इथे मोल होते. शिवाय ठरलेल्या वारी एका जागी जमून देवघेव करण्याची रीत गोव्याला नवी नव्हती. हणजूणपासून जवळच, म्हापशाला शुक्रवारचा बाजार पूर्वापार भरत आला आहे. बुधवारचा बाजार टिकला यामागे परदेशी पाहुण्यांची कल्पकता जेवढी आहे, तेवढाच या परिसराच्या अंगवळणी पडलेला आठवड्याचा क्रमही आहे, असे माझे मत आहे.

1979 मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. खुष्कीचा मार्ग बंद पडला. पुढे 1980 च्या दशकात युरोपातून थेट गोव्याला चार्टर विमाने येऊ लागली आणि महिनोन्‌महिने राहणाऱ्यांच्या जागी दोन आठवड्यांच्या सुटीवर आलेला, हातात पैसा असलेला ग्राहक आला. ग्राहक बदलला तसा विक्रेताही बदलला. उत्तर कर्नाटकातून लमाणी बायका आल्या. तिबेटी निर्वासित चांदीचे दागिने आणि मण्यांच्या माळा घेऊन आले. 1990 नंतर खोऱ्यातला पर्यटनाचा धंदा बसल्यामुळे काश्मिरी व्यापाऱ्यांनीही शाली आणि गालिच्यांसह गोव्याची वाट धरली.

‘अस्सल बाजार संपला, आता सगळे दुकानदारीचे झाले’ ही तक्रार वारंवार ऐकू येते, पण ती मला पटत नाही. लमाणी पथारीवर जरा वेळ थांबून पाहावे. गडद लाल किंवा निळ्या कापडावर बारीक टाक्यांची नक्षी, मधूनमधून आरसे, कडेला ओवलेल्या कवड्या, आणि जुन्या चोळीचे वा घागऱ्याचे तुकडे जोडून शिवलेली पिशवी. अंगावरचे कापड सुटे करून विकणारी ही बाई त्या पहिल्या हिप्पीइतकीच गरजेपोटी इथे बसलेली असते. सकाळी भवानी व्हायची असताना ती भावात सहज उतरते, म्हणून घासाघीस ताणून धरण्यापूर्वी त्या टाक्यांना लागलेला वेळ गिऱ्हाइकाने विचारात घ्यावा.

एक उणीव मात्र खरी आहे. या बाजारात खुद्द गोव्याच्या मातीतला माल फारसा मिळत नाही. मयड्याची केळी, कोकमाची सोले, गावठी मिरची किंवा मातीची भांडी हवी असतील, तर शुक्रवारी सकाळी लवकर म्हापसा गाठावे.