मेमरी कार्डावरचे दुसरे पार्टिशन: रूट केलेल्या अँड्रॉइड फोनची साठवण वाढवण्याच्या खटपटीची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेला टी-मोबाइल जी१ हा अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन. तैवानच्या एचटीसीने बनवलेल्या या फोनमध्ये २५६ एमबी फ्लॅश मेमरी होती. त्यातला मोठा वाटा खुद्द अँड्रॉइड आणि त्याची कॅश यांतच संपत असे आणि ॲप बसवण्यासाठी वापरकर्त्याच्या हाती जेमतेम ७० एमबी जागा उरत असे. फोनसोबत १ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड मिळे. त्यावर गाणी, छायाचित्रे, व्हिडिओ ठेवता येत, पण ॲप मात्र बसवता येत नसे. मोकळी जागा समोर असूनही ती वापरता न येण्याची ही अडचण पुढची सात-आठ वर्षे कोट्यवधी स्वस्त फोनना पुरली. कार्डाचे दोन भाग, म्हणजे पार्टिशन, करून त्यातला एक फोनच्या स्वाधीन करण्याची युक्ती तिच्यातूनच जन्मली.

कार्डावर ॲप न बसवू देण्यामागे गूगलकडे कारण होते आणि ते तकलादू नव्हते. एसडी कार्ड १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी पुढे आणले, ते कॅमेरा, संगीत ऐकण्याची उपकरणे आणि संगणक यांच्यात फायलींची ने-आण सोपी व्हावी म्हणून. त्यामुळे त्यावरची फाइल सिस्टीमही, म्हणजे फायली मांडून ठेवण्याची पद्धत, सर्वांना वाचता येईल अशी, म्हणजे फॅट घराण्यातली ठेवली गेली. २ जीबीहून मोठ्या, ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर आजही फॅट३२च असते. या फाइल सिस्टीममध्ये फाइल कोणाच्या मालकीची आहे आणि ती कोणी वाचावी, कोणी बदलावी याची नोंदच नसते. अँड्रॉइडची सगळी सुरक्षा मात्र नेमकी याच नोंदीवर उभी आहे. लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, चालणाऱ्या या प्रणालीत प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानले जाते. एकाच वाड्यात राहणाऱ्या बिऱ्हाडांनी आपापल्या खोलीला आपापले कुलूप लावावे, तसा हा प्रकार आहे. फॅट३२ वर कुलूप बसवण्याची सोयच नाही. तिथे ठेवलेले ॲप दुसरे कोणतेही ॲप वाचू किंवा बदलू शकले असते, विकत घेतलेल्या ॲपच्या प्रती सहज काढता आल्या असत्या आणि ॲप चालू असतानाच कार्ड बाहेर काढले तर काय करायचे हा प्रश्न वेगळाच होता.

यातून वाट काढायची तर आधी फोनचा पूर्ण ताबा, म्हणजे लिनक्समधील रूट हा सर्वाधिकारी वापरकर्ता, हाती यायला हवा होता. जी१ बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच तो आला, आणि ज्या चुकीमुळे आला ती विलक्षण होती. फोनच्या तेव्हाच्या आवृत्तीत कीबोर्डवर टाइप केलेले प्रत्येक अक्षर, ते संदेशात असो वा संपर्कयादीत, पडद्यामागे रूटचे अधिकार असलेल्या एका कमांड शेलकडेही, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पार पाडणाऱ्या प्रोग्रामकडेही, पोहोचत होते. मित्राला पाठवायच्या संदेशात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबले की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. त्याच पद्धतीने टेलनेट सेवा सुरू करण्याची आज्ञा टाइप केली की बाहेरून जोडणी करून फोनवर रूट म्हणून काम करता येत असे. गूगलने नोव्हेंबर २००८ मध्येच ही चूक दुरुस्त केली, पण तोवर हौशी प्रोग्रामरांनी स्वतः फेरबदल केलेल्या आवृत्त्या, म्हणजे कस्टम रॉम, तयार करायला सुरुवात केली होती. स्टीव्ह काँडिक यांचे सायनोजेनमॉड २००९ मध्ये याच वातावरणात उभे राहिले.

‘ॲप्स टू एसडी’ या नावाने रूढ झालेली पद्धत या मंडळींनी घडवली. मूळ कल्पना सोपी होती. कार्डाचे पहिले पार्टिशन फॅट३२ ठेवायचे आणि दुसरे लिनक्सच्या एक्स्ट२, एक्स्ट३ किंवा एक्स्ट४ या फाइल सिस्टीममध्ये तयार करायचे. एक्स्टमध्ये मालकी आणि परवानग्यांची नोंद राहते, म्हणून अँड्रॉइडचा मूळ आक्षेपच उरत नाही. त्यानंतर ॲप जिथे साठवली जातात ते फोल्डर या दुसऱ्या पार्टिशनवर हलवायचे आणि मूळ जागी त्याच नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे नव्या जागेकडे नेणारा दुवा, ठेवायचा. ॲप कार्डावर असले तरी आपल्या नेहमीच्याच जागी आहे असे अँड्रॉइडला वाटते. सायनोजेनमॉडच्या त्या काळच्या आवृत्त्यांमध्ये कार्डावर एक्स्ट पार्टिशन सापडले की हे काम आपोआप होत असे.

पार्टिशनांचा क्रम चुकवून चालत नसे. फोन स्वतःहून पहिलेच पार्टिशन साठवणीचे कार्ड म्हणून उघडत असे आणि विंडोजही काढता-घालता येणाऱ्या कार्डाचे केवळ पहिले पार्टिशन दाखवत असे. विंडोज १० च्या २०१७ मधील एका अद्ययावत आवृत्तीपर्यंत हेच चालू होते. एक्स्टचा भाग चुकून पहिला ठेवला, तर फोनला कार्ड कोरे किंवा बिघडलेले वाटे आणि संगणक ते फॉरमॅट करण्याची सूचना करी. दोन्ही पार्टिशने प्रायमरी प्रकारचीच असावी लागत.

त्याहूनही नाजूक बाब वेळेची होती. फोन सुरू होताना अँड्रॉइड बसवलेल्या सर्व ॲपची एकदा झडती घेते. दुसरे पार्टिशन त्याआधी जोडले गेले, म्हणजे माउंट झाले, तर सगळे सुरळीत चाले. त्याला उशीर झाला, तर दुव्याच्या पलीकडे काहीच सापडत नसे आणि ती ॲप यादीतून नाहीशी होत. म्हणून माउंट करण्याची आज्ञा फोन सुरू होतानाच्या अगदी आरंभीच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या यादीत, घालावी लागे आणि त्यासाठी रूट अनिवार्य होते. साठवण वाढवण्याच्या या पद्धतीत रूटची गरज नेमकी कुठे पडते असे कोणी विचारले, तर उत्तर इथे आहे. कार्डाचे भाग पाडायला रूट लागत नाही, ते काम संगणकावरही होते. तो भाग प्रणालीच्या पोटात योग्य क्षणी बसवायला रूट लागते.

प्रत्यक्ष भाग पाडण्याचे काम पुढे क्लॉकवर्कमॉडसारख्या कस्टम रिकव्हरीने, म्हणजे अँड्रॉइड सुरू न करता फोनची देखभाल करू देणाऱ्या पर्यायी प्रणालीने, सोपे केले. फोन बंद करून ठरावीक बटणे दाबून रिकव्हरीत शिरायचे, प्रगत पर्यायांत कार्डाचे पार्टिशन निवडायचे, एक्स्टचा आकार किती हवा ते १२८, २५६, ५१२ एमबी अशा ठरलेल्या आकड्यांतून सांगायचे आणि मग स्वॅपचा आकार सांगायचा. होय म्हटले की कार्ड पुसले जाऊन नव्याने आखले जाई. ज्यांनी आधी कार्डावरची छायाचित्रे संगणकावर उतरवून घेतली नाहीत, त्यांची ती गेली. रिकव्हरीऐवजी संगणकावर जीपार्टेड किंवा मिनिटूल पार्टिशन विझार्ड वापरणारेही पुष्कळ होते.

स्वॅप हे तिसरे पार्टिशन. जी१ मध्ये रॅम अवघी १९२ एमबी होती, त्यामुळे रॅममधला क्वचित लागणारा भाग कार्डावर टाकण्याचा मोह स्वाभाविक होता. माझ्या मते तो बहुतेक वेळा महागात पडला. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. स्वॅपमध्ये लिहिणे अखंड चालते आणि त्यासाठी साधे कार्ड बनलेलेच नसते. हीच झीज टाळण्यासाठी जाणकार मंडळी जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नसलेले एक्स्ट२ पसंत करत. अचानक बॅटरी संपली तर एक्स्ट३ आणि एक्स्ट४ अधिक सुरक्षित, पण जर्नल लिहिण्याचा जादा भार कार्डावर पडतो. या दोहोंतली निवड शेवटपर्यंत वादाचीच राहिली.

गूगलने २० मे २०१० रोजी जाहीर केलेल्या अँड्रॉइड २.२ मध्ये, म्हणजे फ्रोयोमध्ये, ॲप कार्डावर नेण्याची अधिकृत सोय दिली. तिची रचना अगदी वेगळी होती. कार्ड फॅट३२च ठेवून त्यावर एका लपलेल्या फोल्डरात प्रत्येक ॲपसाठी एक कूटबद्ध पेटी तयार केली जाई आणि तिची किल्ली त्या एका फोनपुरती असे. सुरक्षेच्या दृष्टीने हा तोडगा चोख होता. जागेच्या दृष्टीने तो अपुरा ठरला, कारण पेटीत ॲपची मूळ फाइल तेवढी जाई. चालवण्यासाठी तयार केलेला डेक्स कोड, ॲपचा डेटा आणि लायब्ररी फायली फोनच्या अंतर्गत मेमरीतच राहत. ॲप हलवू द्यायचे की नाही हेही ते बनवणाराच ठरवी. शिवाय फोन यूएसबीने संगणकाला जोडला की कार्ड संगणकाकडे जाई आणि ती ॲप तेवढा वेळ बंद पडत. म्हणूनच विजेट किंवा पार्श्वभूमीत सतत चालणारी ॲप कार्डावर नेणे निरुपयोगी होते.

ही मर्यादा सर्वाधिक जाणवली ती आपल्यासारख्या बाजारांत. एलजी ऑप्टिमस वन, सॅमसंग गॅलेक्सी एस (Ace), गॅलेक्सी वाय अशा फोनांच्या रांगेतले स्वस्त फोन २०१० ते २०१२ या काळात भारतात घरोघरी पोहोचले. गॅलेक्सी वायसारख्या फोनमध्ये ॲपसाठी दोनशे एमबीहूनही कमी जागा असे. व्हॉट्सॲप, फेसबुक, नकाशे आणि गूगलच्या स्वतःच्या सेवा यांची प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा मोठी येई. मोकळी जागा एकूण जागेच्या दहा टक्क्यांखाली गेली की इशारा झळके, खात्यांचे सिंक थांबे आणि जुन्या आवृत्त्यांत फोन येणारे एसएमएससुद्धा स्वीकारत नसे. १६ जीबीचे कार्ड घातलेल्या फोनवर एसएमएस येईना, ही तक्रार वापरणाऱ्याला अनाकलनीय वाटे आणि ती रास्तच होती. आपल्याकडे रूट करण्यामागे आणखी एक कारण होते. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर देवनागरी अक्षरांऐवजी अनेकदा चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे तुटत, आणि फॉन्ट बदलण्यासाठीही रूटच लागे. एकदा फोन रूट झाला की कार्डाचे भाग पाडणे ही पुढची स्वाभाविक पायरी होती.

या काळात लिंकटूएसडी हे ॲप सर्वाधिक वापरले गेले. जुन्या पद्धतीत अख्खे फोल्डर कार्डावर जाई. इथे कोणते ॲप न्यायचे ते एकेक करून निवडता येई, आणि मूळ फाइलसोबत डेक्स व लायब्ररी फायलीही दुसऱ्या पार्टिशनवर नेता येत. डेटाही हलवण्याची सोय पुढे सशुल्क आवृत्तीत आली. दुसरे पार्टिशन संगणकाकडे जात नसल्याने यूएसबी जोडल्यावरही ॲप चालू राहत. अडथळे होतेच. काही कंपन्यांच्या कर्नलमध्ये एक्स्ट फाइल सिस्टीमचा आधारच नसे, मग माउंट स्क्रिप्ट बनवताना चूक दाखवली जाई आणि दुसरे पार्टिशनही नाइलाजाने फॅट३२ ठेवावे लागे. कार्डाचा वेगही आडवा येई. कार्डावर छापलेला क्लास ४ किंवा क्लास १० हा आकडा सलग लिहिण्याचा किमान वेग सांगतो, सेकंदाला अनुक्रमे ४ आणि १० एमबी. ॲप मात्र हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचते-लिहिते आणि त्या कामाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. क्लास १० चे कार्ड घालूनही फोन अडखळतो असे अनेकांना वाटे, त्याचे कारण हे. स्वस्तात मिळणाऱ्या बनावट कार्डांचा धोका तर निराळाच होता. आतली खरी जागा ४ जीबी आणि वर छापलेले ३२ जीबी असे कार्ड आखताना कुरकुर करत नाही, पण दुसरे पार्टिशन नेमके शेवटच्या, अस्तित्वातच नसलेल्या जागेत पडते आणि तिथे ठेवलेले ॲप लगेच बिघडते.

गूगलचा कल दरम्यान कार्डापासून दूर चालला होता. डिसेंबर २०१० च्या नेक्सस एस मध्ये कार्डाची खाचच नव्हती. २०११ मध्ये टॅबलेटसाठी आलेल्या अँड्रॉइड ३.० पासून ॲप आणि माध्यम-फायली यांना एकाच अंतर्गत जागेत ठेवण्याची रचना रुळू लागली. ती तांत्रिकदृष्ट्या योग्य होती, कारण एका बाजूला जागा पडून आणि दुसऱ्या बाजूला टंचाई हा प्रकारच तिच्यात संपतो. पण जिथे अंतर्गत मेमरीच ४ जीबी होती, तिथे तिचा उपयोग मर्यादित होता. रूटवाल्यांची वाटही अवघड होत गेली. २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून प्रत्येक ॲपसाठी माउंटची कक्षा वेगळी ठेवण्याची व्यवस्था आल्याने रूट ॲपने जोडलेले पार्टिशन इतर ॲपना दिसेनासे झाले आणि त्यासाठी रूटचे अधिकार सांभाळणाऱ्या सुपरएसयू ॲपमध्ये एक खास पर्याय बदलावा लागू लागला. २०१४ च्या ५.० मध्ये एसईलिनक्स या जादा सुरक्षा-व्यवस्थेचे नियम पूर्ण कडकपणे लागू झाले आणि जुन्या माउंट स्क्रिप्ट एकामागून एक निकामी झाल्या. त्याच आवृत्तीत ॲप चालवणाऱ्या डाल्विक यंत्रणेची जागा एआरटीने घेतली. ते तेव्हा ॲप बसवतानाच कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करत असे, त्यामुळे प्रत्येक ॲपला अंतर्गत जागा आणखी लागू लागली.

सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइड वन योजनेची सुरुवात भारतातूनच केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांच्या त्या फोनांची किंमत ६,३९९ रुपयांपासून होती आणि अंतर्गत मेमरी अवघी ४ जीबी, सोबत मायक्रोएसडीची खाच. या फोनांना पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेले अँड्रॉइड ६.० मिळाले आणि त्यात ‘अडॉप्टेबल स्टोरेज’ ही सोय होती. प्रणाली स्वतःच कार्ड आखते, त्यावर १६ एमबीचा एक छोटा भाग आणि बाकीचा मोठा कूटबद्ध भाग पाडते, मोठ्या भागावर एक्स्ट४ किंवा एफटूएफएस (फ्लॅश मेमरीसाठी बनवलेली फाइल सिस्टीम) घालते आणि तो अंतर्गत मेमरीचा विस्तार मानते. हौशी मंडळींनी २००९ मध्ये जे केले होते, ते सहा वर्षांनी कूटबद्धतेची भर घालून मूळ प्रणालीत आले, असे मी ठामपणे म्हणेन. फरक एवढा की आता अख्खे कार्ड फोनचे होई, दुसऱ्या फोनमध्ये ते वाचता येत नसे आणि फॅक्टरी रीसेट केले की किल्लीसोबत डेटाही जाई. संगणकावरून एडीबी या फोनला आज्ञा देण्याच्या साधनाद्वारे एक आज्ञा देऊन कार्डाचा काही टक्के भाग साधा आणि उरलेला फोनचा, अशी विभागणी मात्र रूट न करताही करता येई.

सर्व कंपन्यांनी ही सोय स्वीकारली नाही. सॅमसंगने गॅलेक्सी एस७ मध्ये आणि एलजीने जी५ मध्ये २०१६ साली ती बंद ठेवली. फाइलनिहाय कूटबद्धता वापरणाऱ्या फोनांवर अँड्रॉइड ७.० ते ८.१ पर्यंत ती चालतच नसे, ९.० मध्ये ती पुन्हा शक्य झाली. कार्डाच्या वेगाचा जुना प्रश्न एसडी असोसिएशनने नोव्हेंबर २०१६ मध्ये ए१ हा नवा वर्ग ठरवून हाती घेतला. त्यात सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचने आणि ५०० विखुरलेली लेखने होणे बंधनकारक आहे. पुढच्या वर्षी आलेल्या ए२ साठी हेच आकडे ४,००० आणि २,००० आहेत. जुना, खाच असलेला फोन अजून वापरात असेल आणि त्यावर कार्डाचे दुसरे पार्टिशन करायचे असेल, तर कार्ड विकत घेताना क्लास १० पेक्षा हे चिन्ह आधी पाहावे.